प्रोसेसर कुणाचाही चालेल, ग्राफिक्स कार्ड मात्र कामाला विचारून घ्या

सांगलीच्या एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शाखा एआय आणि डेटा सायन्स. तिच्यासाठी असेंबल्ड मशीन घ्यायचं आहे, मॉनिटर सोडून बजेट सव्वा लाख. अभ्यास आणि प्रोजेक्ट हे मुख्य काम; ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर शिकायला नुकतीच सुरुवात केली आहे, आणि गेमही खेळणार. वडिलांच्या धाकट्या भावाचा लग्नाच्या शूटिंगचा व्यवसाय आहे. सुट्टीत मशीन घरी आलं की तोही त्यावर एडिटिंग करणार म्हणतो. दुकानदार सांगतो, इंटेल आणि एनव्हिडिया सोडून दुसरं काही घेऊ नका. मुलीचे मित्र सांगतात, एएमडी सोडून दुसरं काही घेऊ नका. कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही अर्धं ऐका. कार्डाच्या बाबतीत दुकानदार बरोबर आहे, प्रोसेसरच्या बाबतीत मित्र. पण हे उत्तर तुमच्या मुलीपुरतं आहे. तिच्या वर्गातल्या एखाद्या मुलाला फक्त गेम खेळायचे असतील तर त्याला मी वेगळं कार्ड सांगेन, आणि तुमच्या भावाने स्वतःसाठी विचारलं असतं तर प्रोसेसरच वेगळा सांगितला असता. म्हणून नुसती यादी देत नाही, कारणं सांगतो. किमती दर आठवड्याला हलतात, कारणं तेवढी लवकर हलत नाहीत.

मी पुण्यात बरीच वर्षं मशिन्स जोडून देतो. माझ्याकडे येणारे लोक हिरिरीने भांडतात ते इंटेल की एएमडी यावर. कार्डाची वेळ आली की 'आठ जीबीचं चांगलंसं बसवा' एवढ्यावर विषय संपतो. काळजी नेमकी उलटी वाटायला हवी. प्रोसेसरचं नाव बदललं तर तुमच्या मुलीला रोजच्या कामात ते जाणवणारही नाही. कार्डाचं नाव बदललं तर पहिल्याच असाइनमेंटला जाणवेल.

याचं कारण थोडं मागे आहे. इंटेल आणि एएमडी दोघांच्याही प्रोसेसरला एकच भाषा कळते. २००३ मध्ये एएमडीने ऑप्टेरॉन आणि ॲथलॉन ६४ आणले आणि जुन्या ३२ बिट आज्ञांना ६४ बिटची जोड दिली. इंटेल तेव्हा इटॅनियमच्या अगदी वेगळ्या वाटेने निघाली होती. ती वाट चालली नाही, आणि २००४ मध्ये इंटेलने एएमडीचाच विस्तार आपल्या प्रोसेसरमध्ये घेतला. तेव्हापासून विंडोज असो, पायथन असो की टॅली, एकच इन्स्टॉलर दोन्हीकडे चालतो. उद्या प्रोसेसरची कंपनी बदलली तरी तुमचा एकही प्रोग्रॅम अडत नाही.

ग्राफिक्स कार्डांचं असं झालं नाही. एनव्हिडियाने २००६ मध्ये कुडा जाहीर केलं. कार्डावर चित्रं काढण्यापलीकडची गणितं करता यावीत म्हणून लिहिलेली ही त्यांची स्वतःची व्यवस्था. संशोधकांनी ती उचलली, पुढे मशीन लर्निंगची बहुतेक साधनं तिच्यावरच उभी राहिली. कुडासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर तसाच्या तसा चालत नाही. मॅटलॅबमधलं कार्डावरचं गणित आजही फक्त एनव्हिडियावर चालतं. मुलीच्या हातात कोडच्या ज्या तयार फाइली (नोटबुक्स) पडतील, सीनिअर जो कोड देतील, इंटरनेटवर ज्या चुकांची उत्तरं सापडतील, त्यांतली बहुतांश कुडा गृहीत धरून लिहिलेली असतात. कुडासारखीच एएमडीची व्यवस्था, रॉकएम, गेल्या दोन-तीन वर्षांत खूप सुधारली आहे, मशीन लर्निंगचं पायटॉर्च हे साधन त्यावर चांगलं चालतं, विंडोजवरही सोय झाली आहे. ज्याला लिनक्स येतं आणि अडलं तर रात्रभर बसून सोडवायची तयारी आहे, त्याने जरूर घ्यावं. पण दुसऱ्या वर्षाच्या मुलीची रात्र मॉडेल का शिकत नाही हे शोधण्यात जावी, लायब्ररी का बसत नाही हे शोधण्यात नको. हा माझा ठाम सल्ला आहे आणि मी तो एएमडीची कार्डं मला आवडत असूनही देतो.

ब्रँडच्या अभिमानाबद्दल इथेच एक सांगून टाकतो. रायझन ९००० मालिका, एनव्हिडियाची आरटीएक्स ५० मालिका, एएमडीची आरएक्स ९००० मालिका, इंटेलचं आर्क बी५८० कार्ड, एवढंच काय इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० एस प्रोसेसरमधला मुख्य गणिताचा तुकडासुद्धा, हे सगळं तैवानच्या टीएसएमसी या एकाच कंपनीत बनतं. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने इंटेलमध्ये पाच अब्ज डॉलर गुंतवण्याचं आणि दोघांनी मिळून चिप बनवण्याचं जाहीर केलं. कंपन्या एकमेकींशी असं जमवून घेतात. आपण मात्र कॉलेजच्या कट्ट्यावर त्यांच्या बाजू घेऊन मैत्री तोडतो.

आता प्रोसेसर. तुमच्यासाठी रायझन ५ ७६०० पुरेसा आहे: सहा कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग), बारा थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं), भर कामातही ८८ वॉटच्या आसपास थांबणारा. इंटेलकडे याच टप्प्यात जास्त कोअर मिळतात. आय५-१४६००के मध्ये चौदा कोअर आहेत, त्यांतले सहा मोठे आणि आठ छोटे, आणि व्हिडिओ रेंडर करणं, मोठा प्रोजेक्ट कंपाइल करणं यात तो ७६०० ला सहज मागे टाकतो. तरीही मी तुम्हाला एएमडी सांगतोय ते मुख्यतः बोर्डासाठी, म्हणजे मदरबोर्डासाठी.

इंटेलची रीत अशी आहे की एका सॉकेटवर (बोर्डावरची प्रोसेसर बसण्याची जागा) दोन-तीन पिढ्या चालवायच्या आणि सॉकेट बदलायचा. दहावी-अकरावी पिढी एलजीए १२०० वर, बारावी ते चौदावी एलजीए १७०० वर, ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली कोअर अल्ट्रा २०० एस मालिका एलजीए १८५१ वर. एएमडीने एएम४ सॉकेट २०१६ मध्ये आणला आणि २०१७ मध्ये पहिल्या रायझनसाठी बोर्ड घेतलेल्या बऱ्याच लोकांना पाच वर्षांनी नुसता बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्यावर ५८००एक्स३डी हा नवा प्रोसेसर बसवता आला. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ बद्दल कंपनीने २०२७ आणि त्यापुढेपर्यंत आधार देण्याचं सांगितलं आहे. मुलगी चौथ्या वर्षाला जाईल तेव्हा बोर्ड, रॅम, विंडोज यातल्या कशालाही हात न लावता फक्त प्रोसेसर काढून आठ किंवा बारा कोअरचा बसवता येईल, आणि जुन्याला गिऱ्हाइकही मिळेल. बजेट एकरकमी नसून घरातून टप्प्याटप्प्याने येणार असेल, तर ही सोय दहा टक्के जास्त वेगापेक्षा मोलाची आहे.

गेम खेळणाऱ्यांमध्ये एएमडीची एवढी हवा आहे ती एक्स३डी प्रोसेसरमुळे, आणि तिच्यात तथ्य आहे. नोव्हेंबर २०२४ मधल्या ९८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी, आहे. साध्या आठ कोअरच्या रायझनमध्ये ती ३२ एमबी असते. गेममध्ये प्रोसेसरला विखुरलेली माहिती पुन्हा पुन्हा लागते: कोण कुठे उभं आहे, काय कशाला धडकलं. स्वयंपाक करताना मसाल्याचा डबा ओट्यावर असणं आणि दर वेळी माळ्यावरून काढावा लागणं, यात जो फरक पडतो तोच कॅश आणि रॅममध्ये आहे. पण हा फायदा दिसतो तो १०८०पी (फुल एचडी) वर, वेगवान मॉनिटरवर, महागडं कार्ड लावल्यावर. ५०६० टीआयसारख्या मधल्या कार्डावर त्याहून बारीक १४४०पी चित्रात बहुतेक गेम कार्डाशीच अडतात आणि ७६०० व ९८००एक्स३डी मधला फरक डोळ्याला दिसत नाही. तुमच्या बजेटमध्ये एक्स३डी घेणं म्हणजे कार्डाचे पैसे प्रोसेसरमध्ये घालणं. अपवाद व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक २ अशा स्पर्धेच्या गेमचा. तिथे प्रोसेसर आधी दमतो, आणि २४० हर्ट्‌झचा मॉनिटर घेऊन फक्त तेच खेळणाऱ्याने प्रोसेसरवर जास्त खर्च करणं योग्य आहे.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या दुखण्याबद्दल तुम्ही ऐकलं असेलच, आणि ते ऐकीव नाही. २०२४ मध्ये या पिढ्यांचे, विशेषतः आय७ आणि आय९ मधले प्रोसेसर कारण नसताना क्रॅश व्हायला लागले. प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि आतला एक भाग हळूहळू झिजत होता. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये इंटेलने मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले आणि अशा प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवा, सीलबंद घेऊन पहिल्या दिवशी बायोस अपडेट केला तर घाबरायचं कारण नाही. मात्र जी झीज आधीच झाली ती अपडेटने भरून येत नाही. म्हणून सेकंडहँड बाजारात १३७००के किंवा १३९००के फार स्वस्त दिसला तर मोह आवरा. तो आधी दोन वर्षं कुठल्या बायोसवर चालला हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. बारावी पिढी यात नाही. आय५-१२४००एफ आजही कमी बजेटमध्ये सरळ, निर्धोक प्रोसेसर आहे.

एएमडीही धुतल्या तांदळासारखी नाही. २०२३ मध्ये काही ७८००एक्स३डी प्रोसेसर, बोर्डांनी दिलेल्या जास्त व्होल्टेजमुळे, जळाले, आणि त्या व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. कुठल्याही कंपनीचं मशीन जोडल्यावर विंडोज टाकण्याआधी बायोस अपडेट करायचा, ही सवय मी तेव्हापासून मोडलेली नाही.

प्रोसेसर निवडताना आणखी एक गोष्ट बघा, जिच्याबद्दल दुकानात सहसा कुणी बोलत नाही. इंटेलच्या नावामागे 'एफ' असेल तर त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं. रायझन ७५००एफचंही तेच. हजार-दोन हजार वाचतात म्हणून दुकानदार तोच पुढे करतो. पण कार्ड बिघडलं आणि वॉरंटीला गेलं तर ते परत यायला आपल्याकडे कित्येक आठवडे लागू शकतात, आणि तोवर एफवाल्या मशीनवर स्क्रीनच येत नाही. परीक्षेच्या तोंडावर हे परवडणारं नाही. ७६०० मध्ये छोटंसं ग्राफिक्स आहे. त्यावर गेम चालणार नाहीत, कोड आणि रिपोर्ट मात्र लिहिता येतात. शिवाय एआयचं काम करताना मॉनिटरची केबल बोर्डाला लावली की विंडोजची स्क्रीन तिथे चालते आणि कार्डाची जवळजवळ सगळी मेमरी मॉडेलसाठी मोकळी राहते.

आता तुमच्या भावाचा विषय, कारण त्याच्या कामात इंटेलचं पारडं खरोखर जड आहे. हल्लीचे सोनी आणि कॅननचे कॅमेरे एच.२६५ या आकसलेल्या स्वरूपात १० बिट, ४:२:२ असं, म्हणजे रंगांची जास्त माहिती असलेलं, फुटेज देतात. ते टाइमलाइनवर अडखळू नये म्हणून ते उलगडणारा वेगळा हार्डवेअर भाग लागतो. इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्समध्ये तो क्विक सिंक नावाने आहे आणि बराच काळ ४:२:२ साठी घरगुती विंडोज मशीनमध्ये तोच एक आधार होता. आपल्याकडे लग्नाच्या एडिटिंगमध्ये एडियस हे सॉफ्टवेअर भरपूर वापरतात, आणि तेही वर्षानुवर्षं क्विक सिंकवर विसंबून राहिलं; एनव्हिडियाचा आधार त्यात नंतर आला. इथेच पुन्हा एफचा सापळा आहे. आय७ 'एफ' घेतलेला एडिटर चांगला प्रोसेसर घेऊनही नेमकी हीच सोय गमावून बसतो, आणि मशीन एवढं महाग असून अडकतं का, असं विचारत येतो.

एनव्हिडियाने आरटीएक्स ५० मालिकेपासून ४:२:२ उलगडण्याची सोय कार्डात दिली आहे, आणि प्रीमिअर प्रो व दाविंची रिझॉल्व्ह ती वापरतात. म्हणजे भाऊ यांपैकी काही वापरत असेल तर मुलीचं कार्डच त्याचंही काम भागवेल आणि एएमडीचा प्रोसेसर आड येणार नाही. तो एडियसवर असेल तर आधी त्याच्या आवृत्तीला काय चालतं ते त्याच्याकडूनच खात्री करून घ्या. आणि हे मशीन मुख्यतः त्याच्या धंद्याचं असतं, तर मी कोअर अल्ट्रा ७ २६५के किंवा आय५-१४६००के, दोन्ही बिगर-एफ, सांगून मोकळा झालो असतो. पण मशीन मुलीचं आहे. सुट्टीतल्या पंधरा दिवसांसाठी तिचं चार वर्षांचं मशीन ठरवू नका.

कार्डाकडे येतो. तुमच्यासमोर व्यवहारात तीन नावं येतील: एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय, एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी आणि इंटेलचं आर्क बी५८०. पहिली दोन ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतात, नाव आणि खोका जवळपास सारखाच. बिलावर १६ जीबी असं स्पष्ट लिहून घ्या.

८ जीबीला मी एवढा विरोध का करतो? नव्या गेममध्ये टेक्श्चर उच्च दर्जावर ठेवले की ८ जीबी भरते, आणि उरलेला माल पीसीआय स्लॉटमधून (बोर्डावर कार्ड बसतं ती जागा) साध्या रॅममध्ये ये-जा करायला लागतो. सरासरी फ्रेम रेट ठीक दिसतो, पण मध्येच झटके बसतात. चाचण्यांमध्ये सरासरीच्या खाली जो 'वन पर्सेंट लो' नावाचा, सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा, आकडा देतात, तो यासाठी बघायचा. ५०६० टीआय तर स्लॉटच्या आठच लेन (माहितीच्या वाटा) वापरतं, त्यामुळे जुन्या पीसीआय ३.० बोर्डावर ८ जीबीवालं आणखी अडखळतं.

मुलीच्या कामात तर मेमरी म्हणजे सरळ दरवाजाच. मॉडेल मावलं तर आत, नाहीतर बाहेर. हिशोब सोपा आहे. ७ अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे शिकलेल्या आकड्यांचं) भाषा मॉडेल १६ बिटमध्ये ठेवलं तर प्रत्येक पॅरामीटरला दोन बाइट, म्हणजे १४ जीबी. चार बिटमध्ये आकसलं तर साडेतीन-चार जीबी, वर संदर्भासाठी थोडी जागा. ८ जीबीच्या कार्डावर आकसलेलं ७ अब्जाचं मॉडेल बसतं, १४ अब्जाचं बसवताना ओढाताण होते. १६ जीबीवर ते निवांत बसतं आणि छोट्या मॉडेलला लोरा (थोडेच आकडे बदलण्याच्या) पद्धतीने स्वतःच्या डेटावर वळवण्यापुरती जागाही उरते. असं ७ अब्जाचं पूर्ण मॉडेल मुळापासून शिकवायला पॅरामीटरमागे साधारण १६ बाइट लागतात. ते घरच्या कुठल्याच कार्डावर होणार नाही, ५०९० च्या ३२ जीबीवरही नाही. त्याला मोठ्या सर्व्हरचीच कार्डं लागतात. छोट्या प्रयोगांना मात्र गूगलच्या कोलॅब या ऑनलाइन सेवेचाही आधार आहे. तिथे फुकट मिळणाऱ्या टी४ कार्डालासुद्धा १६ जीबी मेमरी असते, आणि तेही एनव्हिडियाचंच, त्यामुळे घरचा कोड तिथे आणि तिथला घरी बिनबोभाट चालतो.

म्हणून मुलीसाठी आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबी. गणिताच्या कामात मेमरीचा वेगही मोजावा लागतो. ५०६० टीआयचा ४४८ जीबी प्रति सेकंद आहे, ९०६० एक्सटीचा ३२०. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर करणाऱ्या भागातही एनव्हिडियाचं ऑप्टिक्स इंजिन याच किमतीच्या एएमडी कार्डापेक्षा लवकर रेंडर काढतं. दुकानदार म्हणेल, थोडे आणखी घाला आणि ५०७० घ्या. ५०७० गेममध्ये बरंच वेगवान आहे यात शंका नाही, पण त्यात मेमरी १२ जीबी. फक्त १४४०पी गेमिंग असतं तर मी हो म्हटलं असतं. इथे नाही.

आणि ज्याला फक्त गेम खेळायचे आहेत त्या वर्गमित्रासाठी आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबी. अमेरिकेत ही दोन कार्डं आली तेव्हा १६ जीबीच्या किमती ३४९ आणि ४२९ डॉलर होत्या. आपल्याकडे आयात, १८ टक्के जीएसटी आणि डिस्ट्रिब्युटरची टक्केवारी धरून अंतर कमी-जास्त होतं, तरी एएमडीचं सहसा स्वस्त पडतं आणि साध्या गेममध्ये फार मागे राहत नाही. पूर्वी एएमडीच्या कार्डांवर माझा एक मोठा आक्षेप असायचा: एनव्हिडियाचं डीएलएसएस कमी रिझोल्यूशनवरून चित्र मोठं करताना जे स्वच्छ दिसायचं, ते एएमडीच्या एफएसआरमध्ये दिसत नसे; गवत, केस, जाळीची कुंपणं थरथरायची. २०२५ च्या आरएक्स ९००० मालिकेबरोबर आलेल्या एफएसआर ४ ने तो आक्षेप बराचसा काढून टाकला. डीएलएसएस ज्या गेममध्ये आहे त्यांची यादी मात्र अजून मोठी आहे. त्याला जे चार-पाच गेम खेळायचे आहेत त्यात एफएसआर ४ आहे का, एवढं बघून त्याने निर्धास्त घ्यावं. लिनक्स वापरणाऱ्यालाही मी एएमडीच सांगतो, कारण त्याचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच असतो. अपडेट झाला आणि स्क्रीन काळी पडली, हा प्रकार तिथे क्वचित घडतो.

इंटेलच्या आर्क बी५८० बद्दल मला मनापासून कौतुक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला १२ जीबी मेमरी देऊन इंटेलने दोन्ही प्रस्थापितांना जागं केलं. पण हे कार्ड नव्या प्रोसेसरबरोबर आणि बायोसमधली रिसायझेबल बार ही सेटिंग चालू असेल तरच नीट चालतं. जुन्या, कमी ताकदीच्या प्रोसेसरवर त्याच्या ड्रायव्हरचं ओझं प्रोसेसरवर येतं आणि काही गेम बरेच संथ होतात. नेमके कमी बजेटवाले लोकच जुन्या मशीनमध्ये घालायला ते घेतात, याची मला काळजी वाटते. संपूर्ण नवं मशीन लहान बजेटमध्ये करत असाल तर जरूर विचारात घ्या.

उरलेल्या पैशांचं गणित वीज आणि उन्हाळ्याशी जोडून करा. दोन पर्यायांत भर कामात १०० वॉटचा फरक असेल आणि रोज चार तास तसं काम असेल, तर वर्षाला १४६ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तर दीड हजाराच्या आसपास, पाच वर्षांत सात हजारांच्या वर. आणि तेवढी उष्णता त्याच खोलीत साठते. कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. एप्रिल-मेमध्ये खोलीच ३८ अंशांवर असेल तर २५० वॉट ओढणाऱ्या प्रोसेसरला महागडा कूलर लावूनही पंखे किंचाळत राहतात. विदर्भातल्या लोकांना मी हे अधिकच जोर देऊन सांगतो. कॅबिनेट काचेचं सुंदर दिसणारं नको, समोर जाळी असलेलं घ्या.

एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) ६५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड हा कमी वीज वाया घालवण्याचा दर्जा असलेला, चांगल्या कंपनीचा. एनव्हिडिया ५०६० टीआयसाठी ६०० वॉट सांगते, म्हणजे थोडी जागा उरते. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस लावू नका. सव्वा लाखाचं मशीन त्याच्या भरवशावर ठेवण्यासारखं नसतं. यूपीएस घेताना व्हीए आणि वॉट यांत गल्लत होते. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॉटच्या आसपासच देतो. तुमच्या मशीनमध्ये कार्ड १८०, प्रोसेसर ८८, बाकी बोर्ड-पंखे-डिस्क ५०-६० आणि मॉनिटर ३० धरला की आपण तिथेच पोचतो. १००० किंवा ११०० व्हीए घ्या.

रॅम २०२५ च्या अखेरीपासून खूप महाग झाली आहे, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्या आपला माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळवत आहेत. दोन १६ जीबीच्या डीडीआर५-६००० पट्ट्या हे ध्येय ठेवा. चार पट्ट्या लावू नका, एएम५ वर त्यांचा वेग खाली येतो. बजेट ताणलं तर सध्या एकच १६ जीबीची पट्टी घ्या आणि सहा महिन्यांनी दुसरी तशीच घाला. तोवर वेग थोडा कमी मिळेल, पण काम चालेल. बोर्ड साधा बी६५० पुरे. रॅमवर जास्त गेलेले पैसे कमी मेमरीचं कार्ड घेऊन भरून काढू नका, कारण कार्डावरची मेमरी नंतर वाढवता येत नाही.

खरेदी मुंबईत लॅमिंग्टन रोडला करा, पुण्यात तापकीर गल्लीत करा किंवा ऑनलाइन, प्रोसेसर बॉक्स पॅकच मागा. ट्रेमधून सुटा विकला जाणारा थोडा स्वस्त असतो, पण त्याला कंपनीची थेट वॉरंटी मिळत नाही, फक्त दुकानदाराचा शब्द मिळतो. दुबईहून आलेलं कार्डही वॉरंटीच्या वेळी बहुधा पोरकं ठरतं. कार्ड, बोर्ड आणि एसएमपीएस यांचे सीरिअल नंबर जीएसटी बिलावर छापून घ्या आणि बिलाचा फोटो मुलीच्या फोनमध्येही ठेवा. वॉरंटी चिपच्या कंपनीकडून नव्हे, कार्ड बनवणाऱ्या कंपनीकडून आणि तिच्या भारतातल्या डिस्ट्रिब्युटरकडून मिळते. म्हणून दोन कार्डांत हजाराचा फरक असेल तर ज्याचं सर्व्हिस सेंटर पुण्यात आहे ते घ्या. आणि पैसे भरण्याआधी हॉस्टेलला फोन करून विचारा की खोलीत डेस्कटॉप आणि यूपीएस ठेवू देतात का. नाही म्हणाले तर ही सगळी यादी बाजूला ठेवून आपण लॅपटॉपबद्दल बोलू, तिथे हिशोब वेगळा आहे.